ठोसरांचं काउंटर

अनुजा बुधवारी सकाळी सुरतेतल्या नानपुऱ्याच्या गल्लीत शिरली, तेव्हा ठोसर कॉफीचं काउंटर टेम्पोत चढत होतं.

आधी तिला वाटलं, नवी फरशी बसवायची म्हणून बाजूला काढताहेत. पण टेम्पोच्या मागच्या फळीला दोरी आवळली गेली, ड्रायव्हरने मळलेली तंबाखू तोंडात टाकली आणि इंजिन सुरू झालं, तेव्हा तिने स्कूटर भर रस्त्यात उभी केली आणि हात हलवत पळत सुटली. टेम्पो थांबला नाही. खमणवाल्याच्या गाडीभोवतीची गर्दी जेमतेम दुभंगली, टेम्पो तिच्यातून निघून मोठ्या रस्त्याला लागला आणि दिसेनासा झाला. मागून रिक्षावाला स्कूटरसाठी शंख करत होता, तो वेगळाच.

उखा सुतार दुकानाच्या पायरीवर बसून चहा पीत होता. लिंबायतला राहणारा, मूळचा शिरपूरकडचा, कामात हात चांगला. पण अनुजाला या वेळी त्याचा हात आठवला नाही.

"उखाभाऊ, काउंटर कुठे गेलं?"

"गयं," उखा म्हणाला. "जुना सामानवाला येल व्हता. लई गया."

"कुणी सांगितलं न्यायला?"

"शेठनी सांगं."

"आणि मी काय सांगितलं होतं? त्याला हात लावायचा नाही, म्हणून सांगितलं होतं ना?"

"ते तुम्ही काल सांगं, ताई. शेठनी आज सांगं."

उखाचं हे असंच होतं. त्याच्याशी शेवटचं जो बोलेल त्याचं खरं. म्हणजे या कामात कुणाचंच खरं नव्हतं, कारण अनुजा, म्हातारे मुकुंदराव ठोसर आणि त्यांचा मुलगा असे तिघंही त्याला दिवसभर काहीतरी सांगतच असायचे.

अनुजाने दुकानात पाऊल टाकलं. ज्या जागी काउंटर होतं तिथे फरशीवर एक लांबट, फिकट चौकोन उरला होता. तिची सगळी ड्रॉइंग त्या चौकोनाभोवती होती. भिंतींचा रंग काउंटरच्या लाकडाला शोभेल असा, दिव्यांचा उजेड त्याच्या पॉलिशवर पडेल असा, मागच्या फळ्या त्याच्या उंचीला धरून. आता काउंटरच गेलं, म्हणजे बाशिंग होतं आणि नवरदेव पळाला होता.

ठोसर कॉफी हे दुकान एकेचाळीस सालचं. मुकुंदरावांचे वडील अण्णा सातारा जिल्ह्यातून एका मिलच्या हपिसात नोकरीला म्हणून सुरतेत आले. तिथल्या एका मद्रासी सहकाऱ्याने त्यांना कॉफी भाजायला शिकवली, आणि अण्णांनी नोकरी सोडून या गल्लीत एवढीशी खोली घेतली. सुरत हे चहाचं गाव. तरीही दुकान चाललं. इथल्या दाक्षिणात्य कुटुंबांनी ते चालवलं, नानपुऱ्यातल्या पारशांनी चालवलं, आणि बँकेत, शाळांत, सरकारी कचेऱ्यांत बदली होऊन आलेल्या मराठी माणसांनी चालवलं. अनुजाचे वडीलही त्यातलेच. लहानपणी दर महिन्याला ती त्यांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून इथे यायची. गल्लीच्या तोंडाशीच भाजलेल्या बियांचा वास नाकात शिरायचा आणि दुकान येईपर्यंत ती डोळे मिटून घ्यायची.

त्यामुळे वेसूतल्या मोठ्या इंटिरिअर फर्ममधली नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं आणि तिच्या नावावरचं पहिलंच काम ठोसर कॉफीचं आलं, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. एवढंसं दुकान. पंधरा दिवसांत ड्रॉइंग, दोन महिन्यांत काम. असं तिला मे महिन्यात वाटलं होतं.

पहिल्याच बैठकीत मुकुंदरावांचा मुलगा सौरभ म्हणाला होता, "अनुजाताई, मला जुनं हवंय." सौरभ सत्तावीस वर्षांचा. अहमदाबादला शिकून, तिथेच थोडी नोकरी करून तो घरच्या धंद्यात परत आला होता आणि कॉफीची पाकिटं देशभर पाठवायचं त्याच्या मनात होतं. "दुकानात शिरल्यावर माणसाला वाटलं पाहिजे की तो एकेचाळीस सालात आलाय. उघड्या विटा, पिवळे बल्ब, पितळी तराजू. हेरिटेज दिसलं पाहिजे."

मुकुंदराव तेव्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"अनुजा, आपलं दुकान समोरच्या मोबाइलवाल्यासारखं करायचं. पांढरंशुभ्र. गुळगुळीत. वर ते खोटं छत करतात ना, त्यात लपवलेले दिवे."

"काका, पण सौरभ तर म्हणाला..."

"सौरभला त्यातलं काय कळतं? मी चाळीस वर्षं त्या अंधारात उभा आहे."

तिथून जे सुरू झालं त्याला अंत नव्हता. बाप-लेक एका घरात राहायचे, एका टेबलावर जेवायचे, क्रिकेटवर तासभर बोलायचे; पण दुकानाबद्दल जे काही बोलायचं ते अनुजामार्फत. सकाळी मुकुंदरावांचा फोन यायचा, "त्याला सांग, विटा नकोत." दुपारी सौरभचा निरोप यायचा, "बाबांना सांगा, खोटं छत म्हणजे लग्नाचा हॉल वाटेल." ती सांगायची. मग त्या सांगण्यावरचं उत्तर तिच्याकडे यायचं, आणि ते तिने परत पोचवायचं. आपण इंटिरिअर शिकलो की पोस्टमनकी, असा तिला प्रश्न पडू लागला होता.

विटांचं प्रकरण तर तिच्या चांगलंच लक्षात राहिलं. सौरभच्या हट्टाने उखाच्या माणसांनी एका भिंतीचं प्लास्टर खरवडलं. आत थोडी वीट, थोडा दगड, आणि मधल्या भागात कधीतरी बुजवलेल्या खिडकीचा सिमेंटी तुकडा निघाला. उघडं ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं. सौरभने संध्याकाळपर्यंत विटांसारख्या दिसणाऱ्या टाइल शोधून पाठवल्या.

"प्लास्टर काढून वर खोट्या विटा चिकटवायच्या?" मुकुंदरावांनी विचारलं. "मग त्या प्लास्टरने काय घोडं मारलं होतं?"

अनुजाला मनातून ते पटलं होतं. पण तिने पटल्याचं दाखवलं असतं तर सौरभचा फोन आला असता.

शेवटी तिने एक तोडगा काढला होता, आणि तिला वाटलं होतं, तो सगळ्यांना मान्य आहे. विटा नकोत, खोटं छत नको. दुकान साधं, उजेडाचं ठेवायचं आणि मधोमध अण्णांचं जुनं काउंटर. गडद लाकडाचं, पुढे तीन कोरीव चौकटी असलेलं, कडा हाताने झिजून गोल झालेलं. तेच सगळं बोलेल. सौरभने तर आनंदाने टाळीच वाजवली. नव्या पाकिटांवर त्याच काउंटरचं चित्र टाकायचं आणि खाली लिहायचं, 'अण्णांच्या काउंटरवरून, तीन पिढ्या', असंही त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मुकुंदराव म्हणाले, "बघा."

मुकुंदरावांच्या 'बघा'चा अर्थ 'नाही' असा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आज ते काउंटर टेम्पोत बसून गेलं होतं.

तिने मुकुंदरावांना फोन लावला. काम चालू असल्यामुळे ते शेजारच्या ओट्यावर टेबल टाकून विक्री करायचे. पण आज टेबल रिकामं होतं आणि फोन लागूनही उचलला जात नव्हता. सौरभने मात्र पहिल्याच घंटेला उचलला.

"विकलं?" तो ओरडलाच. "अण्णांचं काउंटर विकलं? अनुजाताई, तुम्ही तिथे असताना?"

"मी नव्हते तिथे! मी आले तेव्हा टेम्पो निघाला होता."

"पण साइट तुमची आहे ना! कालच पाकिटांचे नमुने छापून आलेत. मी रात्री घरी सगळ्यांना दाखवले. आता मी काय छापू त्यावर, टेम्पो?"

अनुजाने फोन कानापासून लांब धरला. मग तो परत कानाशी नेऊन, शक्य तितक्या शांतपणे ती म्हणाली, "मी आणते शोधून." का म्हणाली, ते तिलाही कळलं नाही. काउंटर तिने विकलं नव्हतं, विकत घेतलं नव्हतं, तिचं नव्हतंही. तरी शोधायला निघाली तीच.

जुनं सामान घेणाऱ्याचं गोडाऊन कतारगामला होतं. उखाने पत्ता सांगितला तो चुकीचा, मग परत फोन करून सांगितला तो अर्धवट. हिरे घासण्याच्या कारखान्यांच्या गल्ल्यांतून, जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलेल्या कारागिरांच्या मोटारसायकली चुकवत, उन्हात भाजत ती कशीबशी पोचली. गोडाऊनमध्ये पलंगांचे पाय, देव्हारे, आरसे नसलेली ड्रेसिंग टेबलं एकावर एक रचलेली होती. आणि मध्ये, चारी पाय वर करून, ठोसरांचं काउंटर उताणं पडलं होतं.

मालक जयंतीभाई त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे होते. तेही वैतागलेले.

"आवो बेन," ते म्हणाले. "तमे त्यांथी आव्या? तो जुओ. एन्टिक समजीने लीधुं में. नीचे जोयुं, तो प्लाय!"

अनुजा वाकली. काउंटरचा पुढचा दर्शनी भाग सागाचा होता, यात शंका नव्हती. पण तळाची फळी, खणांचे तळ, आतले सगळे आडवे तुकडे प्लायवूडचे होते. एका खणाच्या तळाला प्लाय विकणाऱ्या उधन्याच्या दुकानाचा शिक्का होता, आणि शिक्क्यात मोबाइल नंबर.

एकेचाळीस साली मोबाइल नंबर.

ती तिथेच एका मोडक्या स्टुलावर बसली. हे काउंटर तिने स्वतः मोजलं होतं. त्याचे फोटो काढले होते, कोरीव चौकटींचं वेगळं चित्र काढलं होतं, झिजलेल्या कडेवरून बोट फिरवत मैत्रिणीला फोनवर सांगितलं होतं की अशी वस्तू आयुष्यात एकदाच हाताला लागते. आणि एकदाही वाकून खाली बघितलं नव्हतं. शिकाऊ पोरगीसुद्धा आधी खाली बघते.

"काकांनी जुनं म्हणून विकलं का तुम्हाला?" तिने विचारलं.

जयंतीभाई जरा घुटमळले. "ना. काकाए तो कंई कह्युं ज नथी. में ज मानी लीधुं."

म्हणजे सगळ्यांसारखंच. मुकुंदराव काही बोललेच नव्हते आणि जयंतीभाईंनी मानून घेतलं, सौरभने मानून घेतलं, तिने मानून घेतलं. तिला एकदम संताप आला, आणि या वेळी तो कुणा एकावर नव्हता. एवढ्याशा दुकानापायी तिने तीन वेगवेगळे आराखडे काढले होते, दोनदा रंग बदलला होता, रविवार घालवले होते, आणि ज्या एका गोष्टीवर सगळं उभं होतं तिच्याबद्दल कुणी तोंड उघडायला तयार नव्हतं.

तिने सौरभला फोन केला. "दुपारी चारला दुकानात ये. बाबांनाही घेऊन ये."

"काउंटर मिळालं का?"

"फोनवर मी काही सांगणार नाही. दोघं या. एकत्र."

चार वाजता दोघं आले, पण वेगवेगळे. सौरभ मोटारसायकलवरून, हातात पाकिटांच्या नमुन्यांची पिशवी. मुकुंदराव रिक्षातून, बरोबर त्यांच्या पत्नी अरुणाकाकू. दुकानात बसायला काही उरलं नव्हतं. उखाने रंगाचे दोन डबे उलटे घालून त्यावर फळी टाकली आणि इतर वेळी हाक मारूनही न सापडणारा हा माणूस पायरीवर अगदी मन लावून ऐकत बसला.

अनुजाने तिच्या फोनवरचा शिक्क्याचा फोटो सौरभच्या हातात दिला.

"हे काय आहे?"

"तुमच्या अण्णांच्या काउंटरचा तळ."

सौरभने फोटो मोठा करून बघितला. परत लहान केला, परत मोठा केला. मग वडिलांकडे बघून म्हणाला, "बाबा, हे काय आहे?"

"मोबाइल नंबर आहे," मुकुंदराव म्हणाले.

"ते दिसतंय मला! म्हणजे हे काउंटर अण्णांचं नाही?"

"मी कधी म्हणालो अण्णांचं आहे? तू म्हणायचास. मी गप्प बसायचो."

सौरभ आईकडे वळला. "आई, तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय? तापीला पूर आला त्या वर्षी केलं ना ते," अरुणाकाकू म्हणाल्या. त्यांना खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

अनुजाने कपाळाला हात लावला. मे महिन्यापासून एवढी डोकेफोड चालली होती, आणि काकूंना वाटलं, त्याला माहीत आहे.

"मला कसं माहीत असेल?" सौरभ म्हणाला. "मी तेव्हा पहिलीत होतो. पाणी ओसरल्यावर तू मला मावशीकडे नाशिकला घेऊन गेलीस. परत आलो तेव्हा दुकान होतं तसंच होतं."

"होतं तसंच केलं होतं," मुकुंदराव म्हणाले.

ते फळीवर टेकले. मग फरशीवरच्या त्या फिकट चौकोनाकडे बघत बोलू लागले.

"तापीचं पाणी या गल्लीत शिरलं, तेव्हा आम्ही वरच्या पेस्तनजींच्या घरी होतो. अण्णा, मी. दुकान पूर्ण बुडालं. बियांची पोती आत होती. अण्णा खिडकीत बसून राहायचे आणि खालून ठोके ऐकू यायचे. काउंटर आत तरंगत होतं आणि शटरला आतून धडका देत होतं. अण्णांना दिसायचं कमी, पण कान शाबूत. म्हणायचे, मुकुंदा, कुणी दार वाजवतंय का रे? मी म्हणायचो, नाही हो, पाण्याचा आवाज आहे."

गल्लीतून एक मोटारसायकल गेली. ते थांबले आणि आवाज विरल्यावर पुढे बोलू लागले.

"पाणी ओसरलं तर शटर उघडेना. आत काउंटर आडवं होऊन अडकलं होतं. शेवटी शटर कापलं आणि त्या फटीतून हात घालून पहारीने मी ते काउंटर फोडलं. मी स्वतः. लाकूड फुगून पावासारखं झालं होतं. वर सगळीकडे चिखल, आणि कुजलेल्या बियांचा तो वास. कॉफीचा वास कुणाला नकोसा होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला झाला."

"आणि अण्णा?" सौरभने विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता.

"अण्णा विचारायचे, दुकान कधी उघडायचं? काउंटर बरं आहे ना? मी म्हटलं, बरं आहे, वाळतंय. पंचाऐंशीचे झाले होते. त्यांना काय सांगू? मग फोटोवरून, आठवणीने, एका सुताराकडून तसंच करून घेतलं. कडासुद्धा पॉलिशकागदाने घासून गोल करून घेतल्या. आतून सागवान परवडण्यासारखं नव्हतं तेव्हा. अण्णांना रिक्षातून आणलं, खुर्चीवर बसवलं. त्यांनी काउंटरवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. म्हणाले, इथे एक खाच होती, ती कुठे गेली? मी म्हटलं, बुजवली."

"मग?"

"मग काही नाही. मान हलवली आणि एका गिऱ्हाइकाची कॉफी जोखायला घेतली. त्या डिसेंबरात गेले. त्यांना कळलं होतं की नव्हतं, ते मला आजवर समजलेलं नाही." मुकुंदरावांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "तेव्हापासून मी रोज त्या काउंटरमागे उभा आहे. लोक कौतुक करायचे, तू कौतुक करायचास. चाललं होतं. पण काल तू ते पाकीट दाखवलंस. 'अण्णांच्या काउंटरवरून.' हे मला जमणार नाही, सौरभ. मी एकदा त्यांच्याशी खोटं बोललो, ते त्यांच्यासाठी. ते सगळ्या देशाला छापून विकायचं नाही."

अनुजाला मुकुंदरावांचं दुःख कळत होतं. आणि त्याच वेळी, तितक्याच जोराने, तिला असंही वाटत होतं की हे मे महिन्यात का नाही सांगितलं, काका? एका वाक्यात सांगितलं असतंत तर माझे तीन आराखडे वाचले असते.

मग सौरभने मान वर केली, आणि जे बोलायला नको होतं नेमकं तेच बोलला.

"बाबा, पण ही तर त्याहून मोठी गोष्ट आहे! आपण ते काउंटर परत आणू या. पाकिटावर हीच गोष्ट छापू. पूर, अण्णा, ती खाच..."

"छापशील?" मुकुंदराव ताडकन उभे राहिले. फळी एका बाजूने उचलली गेली आणि काकू सावरल्या म्हणून पडल्या नाहीत. "बापाला फसवलं ते छापशील?"

"फसवलं कुठे? तुम्ही तर..."

"अनुजा, तूच सांग याला!"

"अनुजाताई, तुम्हीच सांगा बाबांना!"

दोघं तिच्याकडे बघत होते. दोघांच्या कपाळावर हुबेहूब सारखी आठी होती.

"मी काहीही सांगणार नाही!" अनुजा म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला की ओट्यावरची मांजर उठून गेली. "काय लावलंय हे तुम्ही दोघांनी? मे महिन्यापासून याला सांग, त्याला सांग. मी दुकानं सजवते हो! भिंत कुठली, दिवा कुठला, फळी केवढी, हे मला विचारा. बाप-लेकांनी एकमेकांशी काय बोलायचं, हे माझ्या ड्रॉइंगमध्ये बसत नाही. काका, तो तुमच्यासमोर उभा आहे. सौरभ, ते तुझ्यासमोर उभे आहेत. बोला. ठरलं की मला कळवा, आणि नाही ठरलं तर दुसरी कुणी बघा."

तिने पर्स उचलली, फोन सौरभच्या हातातून काढून घेतला आणि निघाली. पायरीवर उखा अदबीने बाजूला सरकला.

"ताई, मग आते मी कोनं ऐकू?"

"कुणाचंही ऐकू नका!" ती म्हणाली आणि स्कूटरला किक मारली.

घरी जाताना, घोडदौड रोडच्या सिग्नलला थांबल्यावर, तिला आपल्या बोलण्याची लाज वाटू लागली. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि आपण ड्रॉइंगचं पुराण लावलं. काम हातचं गेलं, असं ती धरूनच चालली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सौरभचा फोन आला. तो दुकानातूनच बोलत होता आणि मागून मुकुंदरावांचा आवाज येत होता, "तिला म्हण, टेप घेऊन ये."

ती गेली तेव्हा मुकुंदराव रंगाच्या डब्यावर बसले होते आणि सौरभ त्यांच्या कोपरापासून जमिनीपर्यंतची उंची दोरीने मोजत होता. काकूंनी डब्यातून थालीपीठ पाठवलं होतं, ते उखा खात होता.

"काउंटर परत आणायचं नाही," सौरभ म्हणाला. "नवं करायचं. आणि ते नवं आहे असंच दिसलं पाहिजे."

"आणि एका बाजूला खाली घ्यायचं," मुकुंदराव म्हणाले. "मला बसून काम करायचंय. गुडघे गेलेत माझे. अण्णा खुर्चीत बसायचे, मी उभा राहिलो. का उभा राहिलो, देव जाणे."

"आणि पाकीट?" अनुजाने भीतभीत विचारलं.

बाप-लेकांनी एकमेकांकडे बघितलं. "त्यावर नुसती कॉफी असेल," सौरभ म्हणाला. त्याच्या आवाजात अजून कुरकुर होती. "कॉफीत चिकोरी किती मिसळलीय, ते लिहायचं. बाबा म्हणतात, लोकांना तेवढंच कळायला हवं. मला पटलेलं नाही, पण आहे ते असं आहे."

म्हणजे सगळं नव्याने. चौथा आराखडा. अनुजाच्या तोंडावर आलं होतं की यासाठी मला काय काय रद्द करावं लागणार आहे, तुम्हाला कल्पना आहे का? पण मुकुंदराव सरळ मुलाला म्हणत होते, "दोरी ढिली धरलीस, ताण," आणि मुलगा सरळ त्यांना म्हणत होता, "तुम्ही हलू नका मग." ती खाली बसली आणि तिने टेप काढला.

वैताग संपला असं नाही. फक्त आता दोघं तिच्यादेखत एकमेकांशी भांडायचे, आणि त्यात तिला शिरावं लागायचं नाही. दळण्याचं यंत्र काचेमागे ठेवावं, म्हणजे गिऱ्हाइकाला कॉफी दळताना दिसेल, यावर तीन दिवस वाद झाला आणि मुकुंदरावच जिंकले. त्यांनाच तसं हवं होतं, हे अनुजाला ऐकून आश्चर्य वाटलं. उखा ऐन वेळी बैलपोळ्याला शिरपूरला गेला आणि परत आला तेव्हा अंगावर हळदीचे डाग आणि चेहऱ्यावर जराही अपराधीपणा नव्हता. पण काउंटर त्याने सुरेख केलं. फिकट सागवान, एका टोकाला उभ्या माणसाच्या उंचीचं आणि दुसऱ्या टोकाला उतरत खुर्चीच्या उंचीला आलेलं. कडा सरळ, ताज्या. भिंती पांढऱ्या. दिवे उघडे आणि भरपूर.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी दुकान उघडलं. काकूंनी नारळ फोडला, सौरभने पहिल्या बिया भाजल्या, आणि वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. पहिल्या गिऱ्हाईक आल्या त्या प्रमिलाबाई, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वर्षानुवर्षं इथूनच कॉफी नेणाऱ्या. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, उजेडाला डोळे बारीक केले आणि सगळीकडे बघितलं.

"मुकुंदराव, ते जुनं काउंटर कुठे गेलं हो? तुमच्या वडलांचं?"

सौरभचा हात तराजूवर थांबला. दाराशी उभी असलेली अनुजा वळून बघू लागली.

"ते पुरात गेलं, बाई," मुकुंदराव खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले.

"पुरात? अहो, पुराला वीस वर्षं होत आली. मी तर मागच्या उन्हाळ्यात त्यावर कोपर टेकून उभी होते."

"ते नंतर केलेलं होतं. वडलांना बरं वाटावं म्हणून. त्यांचं होतं ते तेव्हाच गेलं."

प्रमिलाबाईंनी हळूच मान डोलावली. "होतं असं," त्या म्हणाल्या. "आमचं कपाट गेलं पुरात. मुलीला अजून सांगितलेलं नाही, आत तिच्या बाळपणाचे फोटो होते." मग घसा साफ करून, "अर्धा किलो द्या. चिकोरी कमी."

मुकुंदरावांनी खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः जोखायला घेतली. यंत्र सुरू झालं, काचेमागे पूड पडू लागली. सौरभने एक बोट वर करून वडिलांना काहीतरी खुणावलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. त्याने परत खुणावलं. बहुतेक पाकिटाच्या मापाबद्दल असावं. अनुजाने त्यात लक्ष घातलं नाही. तिला इच्छापोरला जायचं होतं. तिथे एका कारखान्याची कँटीन करायची होती आणि मालकाच्या दोन्ही भावांनी सकाळीच तिला फरशीचे वेगवेगळे फोटो पाठवले होते.

"काकू, मी निघते," ती म्हणाली. काकूंनी तिच्या हातात नारळाचा तुकडा आणि गरम कॉफीचा पेला ठेवला, आणि ती उभ्या उभ्याच, पाठीमागे गल्लीत अडकलेल्या स्कूटरवाल्याचा हॉर्न ऐकत, कॉफी प्यायली.